बिनगाठीचा खोपा

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना आपापलं काम उत्तम येत होतं आणि ते कसं येतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कोळी जाळं विणायचा. मधमाश्या पोळं बांधायच्या. कोकीळ गायचा. ह्यात सौंदर्य नेमकं कुठे आहे, असं कुणी कुणाला विचारत नसे. त्यामुळे ते जंगल सुखी होतं असं काही लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते नुसतं कामात होतं.

जंगलाच्या कडेला एक पडकी विहीर होती. विहिरीवर एक बाभूळ वाकली होती आणि त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. फांदीला लोंबणारा तो गवताचा खोपा तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. तो हेच पक्षी विणतात. आता नाव सुगरण असलं तरी विणतो तो नर. मादी विणत नाही. मादी तपासते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा ह्या तपासणीवरून झाला.

तपासणीची रीत अशी. नर खोपा अर्धाच विणायचा. वर फांदीला गाठी मारून टांगलेलं टोपडं, आणि त्याच्या तोंडाशी झोक्यासारखी एक आडवी पट्टी. इथवर विणून झालं की तो थांबायचा, पंख फडफडवायचा आणि वाट बघत बसायचा. मग एखादी मादी यायची. पट्टीवर बसायची. चोचीत एक पात धरायची आणि खच्चून ओढायची. अंगाचा सगळा भार टाकून झोका घ्यायची आणि पुन्हा ओढायची. पसंत पडलं तर तिथेच बसून राहायची. मग नर आनंदाने उरलेला खोपा पुरा करायचा, खालच्या लांब नळीसकट. नापसंत पडलं तर ती उडून जायची.

का नापसंत, ते सांगायची नाही. तशी पद्धतच नव्हती.

मग नर काय करायचा? रात्रंदिवस खपून विणलेला तो अर्धा खोपा आपल्याच चोचीने उसवायचा, आणि पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात करायचा. रडून काही उपयोग नव्हता. शेजारच्या फांदीवरचे नर बघत असायचे.

ह्या वस्तीत हळदू नावाचा एक तरुण नर होता. गेल्या वर्षी त्याच्या खोप्यात कुणी राहायला आलं नव्हतं. पहिलंच वर्ष म्हणून त्याला कुणी फार चिडवलं नाही. यंदा मात्र चिडवायला सगळे तयार बसले होते. आणि यंदा चिमा होती.

चिमाच्या भुवईवर फिकट पिवळी रेघ होती आणि तिला कसलीच घाई नसायची. ती हळदूच्या खोप्यावर आली, बसली, ओढलं, झोका घेतला, वर बघितलं, आणि गेली. हळदूने खोपा उसवला आणि नवा विणला. ती पुन्हा आली. इतर माद्या एकदा नाक मुरडल्यावर फिरकत नसत, ही मात्र पुन्हा आली, म्हणजे हिच्या मनात काहीतरी असणार, असं हळदूला वाटलं. तिने ओढलं, झोका घेतला, आणि पुन्हा गेली. ह्या खेपेला हळदू तिच्या मागे उडत गेला.

“खोप्यात काय चुकलं, तेवढं तरी सांग,” तो म्हणाला.

“काही नाही चुकलं,” चिमा म्हणाली, आणि दाणे टिपायला निघून गेली.

आता काही चुकलं नसेल तर गेली कशाला? हळदूच्या डोक्यात हा भुंगा शिरला तो निघेना. तो वस्तीतल्या थोरल्या नानांकडे गेला. नानांनी आजवर पुष्कळ खोपे विणले होते आणि पुष्कळ उसवले होते. नाना म्हणाले, आपण विणायचं, त्यांनी ओढायचं, ह्याला कारण विचारायचं नसतं. पण हे त्यांनी स्वतःचाच खोपा उसवता उसवता सांगितलं, कारण त्यांचा यंदाचा पहिला खोपा त्यांच्याच ठकूबाईने नापास केला होता. इतक्या वर्षांचा संसार असूनही.

नेमके त्याच सुमारास करकोचे गुरुजी बोलू लागले.

हे गुरुजी म्हणजे एक पांढरा करकोचा. दर थंडीत करकोच्यांचा थवा दूरदेशाहून ह्या जंगलात यायचा आणि ऊन तापलं की परत जायचा. ह्यांचा एक पंख दुखावला म्हणून हे मागे राहिले होते. पहिले काही दिवस ते विहिरीकाठी एका पायावर उभे राहून बेडूक खात आणि गप्प असत. बेडकांखेरीज कुणाची काही तक्रार नव्हती.

पण गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवेना. त्यांचं घरटं यवनदेशात एका मोडक्या खांबाच्या टोकावर होतं. त्या खांबाच्या सावलीत काही म्हातारे जमत. त्यांच्या दाढ्या लांब होत्या, अंगावर कपडे बेताचे होते आणि वेळ भरपूर होता. सुंदर म्हणजे काय, ह्यावर ते दिवसभर वाद घालत. गुरुजी वरून ऐकत. अर्धं ऐकू येई, अर्धं पिलांच्या कलकलाटात बुडे. पण जे अर्धं ऐकू आलं होतं, ते ह्या जंगलाला पुरून उरणार होतं.

गुरुजींचं पहिलं मत असं होतं, की जे उपयोगी ते सुंदर. बेडूक उपयोगी आहे, म्हणून बेडूक सुंदर आहे. एका धीट बेडकाने विचारलं, की उपयोगी कुणाला? त्या चर्चेचं पुढे काय झालं ते सांगायला तो बेडूक राहिला नाही.

हळदू गुरुजींकडे गेला तेव्हा गुरुजींचं नुकतंच जेवण झालं होतं. हळदूने आपलं दुखणं सांगितलं. सुंदर खोपा कसा असतो ते मला शिकवा, म्हणाला. गुरुजी बाभळीखाली आले, मान वर करून त्यांनी खोपा बघितला आणि डोळे मिटून घेतले.

“एक बाजू फुगलेली, एक बाजू बसलेली,” ते म्हणाले. “सौंदर्य प्रमाणात असतं, बाळ. डावं तसं उजवं.”

हळदूने नम्रपणे सांगितलं, की फुगलेल्या बाजूला अंडी राहतात.

“अंडी हा सौंदर्याचा विषय नाही,” गुरुजी म्हणाले.

हळदूने खोपा उसवला आणि डावं तसं उजवं विणलं. चिमा आली, ओढलं, गेली.

तेव्हा गुरुजींनी त्याला पुढचा धडा दिला. तू विणतोस तो खोपाच नव्हे, ते म्हणाले. खरा खोपा वर आहे. हळदूने वर पाहिलं. वर एक घार घिरट्या घालत होती. तिथे नाही, गुरुजी म्हणाले, त्याच्याही वर. तिथे एकच खोपा आहे. तो कुणी विणला नाही आणि तो कधी सुटणार नाही. खाली जगात जेवढे खोपे आहेत तेवढ्या सगळ्या त्याच्या नकला. आणि विहिरीपाशी ते एक वानर ओल्या मातीत बोटाने खोप्याचं चित्र काढत बसलेलं असतं, ती तर नकलेची नक्कल.

वानराने हे ऐकलं आणि चित्र काढणं तसंच चालू ठेवलं. तेव्हा गुरुजींच्या सांगण्यावरून जंगलाने त्याला हद्दपार केलं. जाताना त्याच्या गळ्यात फुलांचा हार घातला, कारण त्या म्हाताऱ्यांत म्हणे कलावंताला असंच काढून देत. वानर हार खात खात निघून गेलं.

खरा खोपा वर आहे हे कळल्यावर हळदूला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे दोष त्याचा नव्हता. खाली कुणालाच जमणार नव्हतं. तरी एक शंका उरलीच. ती त्याने विचारली: वस्तीतल्या इतर नकला माद्यांना पसंत पडतात, मग त्याचीच का पडत नाही?

गुरुजींनी विहिरीच्या कठड्यावर पाय बदलला. मग त्यांना म्हाताऱ्यांचं आणखी एक वाक्य आठवलं.

“सुंदर म्हणजे जे डोळ्यांना आणि कानांना सुख देतं ते,” ते म्हणाले. “त्यात चोच कुठे आली? ती तुझा खोपा बघतच नाही. ती तो ओढते. ओढायला खोपा काय दोरी आहे?”

मुलांनो, एखादा विचार खरा आहे का, हे शोधायला वेळ लागतो. तो सोयीचा आहे का, हे लगेच कळतं. हे वाक्य संध्याकाळपर्यंत बाभळीच्या शेंड्यापर्यंत पोहोचलं आणि वस्तीतल्या एकूण एक नराला मनापासून पटलं. वर्षानुवर्षं ज्या ओढण्याने त्यांना खाली बघायला लावलं होतं, ते ओढणंच मुळी अडाणीपणाचं निघालं. नानांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि ठराव झाला: ह्यापुढे कोणत्याही मादीने खोप्याला चोच लावू नये. समोरच्या फांदीवर बसावं आणि बघावं. वाटल्यास मान कलती करावी.

माद्या आधी हसल्या. ठकूबाई म्हणाली, की नुसतं बघून काय कळणार, कपाळ? पण अंडी घालायचे दिवस जवळ येत होते आणि अंडी काही ठराव मागे घेईपर्यंत थांबत नाहीत. एकेक मादी समोरच्या फांदीवर जाऊन बसू लागली. काहींना तर ते आवडलंही. मान कलती केली की आपण काहीतरी विचार करतो आहोत असं दिसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. तोल, लय, ओघ असले शब्द बाभळीवर ऐकू येऊ लागले.

आणि मग हळदूला तो शोध लागला.

तो नवा खोपा सुरू करत होता. पहिली पात फांदीभोवती फिरवून तो गाठ मारणार, एवढ्यात त्याची चोच थांबली. गाठ कशासाठी? ओढणार तर कुणीच नव्हतं. आणि गाठ दिसायला फार वाईट दिसते. गळ्याशी आवाळू आल्यासारखी दिसते. हळदूने गाठ मारलीच नाही. पात नुसती गुंडाळली, तिच्यावर दुसरी गुंडाळली, आणि टोक आत दडवलं. फांदीतून खोपा आपोआप ओघळला आहे असं दिसू लागलं.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तो खोपा सुंदर होता. शिंदीच्या पानाच्या इतक्या बारीक चिरफळ्या त्याने काढल्या होत्या, की खोप्यातून पलीकडचं ऊन दिसायचं. डावं तसं उजवं होतं. आतल्या भिंतीला ओल्या मातीचे टिपके देऊन त्यांवर त्याने बाभळीची पिवळी फुलं चिकटवली होती. विणताना हळदू इतका आनंदात होता, की त्या दिवसांत त्याला चिमाचीही आठवण कमीच आली. असा आनंद त्याला पूर्वी गाठी मारताना कधी झाला नव्हता.

बाकीचे नर बघायला आले. बघून गेले आणि आपापल्या गाठी सोडू लागले. नानाही आले. ते फांदीपाशी बराच वेळ घुटमळले. त्यांचा नवा खोपा ठकूबाईने नुकताच समोरून बघून पसंत केला होता.

“टिकेल ना रे?” त्यांनी विचारलं.

“ओढणार कोण आहे, नाना?” हळदू म्हणाला.

ते नानांना पटलं. पण नव्या मताला सगळी बाभूळ काही वश झाली नाही. खालच्या काटेरी फांद्यांवर चारदोन हेकट जोडपी होती, त्यांनी चोरून ओढणं आणि चोरून गाठी मारणं चालूच ठेवलं. सुसंस्कृत मंडळी त्यांच्याकडे बघत नसत.

हळदूच्या खोप्याची कीर्ती जंगलभर झाली. हरणं आली, साळिंदर आलं, म्हातारा वाघसुद्धा येऊन बसला. गुरुजींनी जाहीर केलं, की वरच्या खऱ्या खोप्याच्या इतकं जवळ खालचं काहीही आजवर गेलेलं नाही. आणि त्याच वेळी, सगळे जमलेले असताना, चिमा आली.

ती नियमाप्रमाणे समोरच्या फांदीवर बसली. मान मात्र कलती केली नाही. सरळ बघत राहिली. तिची नजर खोप्यावरून हळूहळू फिरत होती आणि हळदूचा जीव टांगणीला लागला होता.

“सुंदर आहे,” ती म्हणाली.

हे शब्द ऐकायला हळदू दोन वर्षं तरसला होता.

“मग राहशील?” त्याने विचारलं.

“ओढून बघू का?”

गुरुजी खाकरले. हळदूने गुरुजींकडे पाहिलं, मग खोप्याकडे पाहिलं, मग चिमाकडे. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पण गाठ नाही हे त्याला माहीत होतं. एकदा ओढलं की सगळ्या जंगलादेखत खोपा तिच्या चोचीत येणार होता. नाही म्हटलं तर ती जाणार होती.

“तसा नियम नाही,” तो म्हणाला.

“नियमाचं राहू दे. तू सांग. ओढू?”

“नको,” हळदू म्हणाला. इतक्या हळू, की फक्त तिलाच ऐकू गेलं.

चिमा रागावली नाही. नुसती उडून गेली. जंगलाने टाळ्या वाजवल्या, कारण तत्त्वासाठी संसार सोडलेला प्राणी त्यांनी प्रथमच पाहिला होता. गुरुजींनी त्याला तिथल्या तिथे ‘सौंदर्यरत्न’ ही पदवी दिली. हळदूला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांत, एका दुपारी, वारा सुटला. फार मोठा वारा होता अशातला भाग नव्हता. असा वारा दर वर्षी सुटतो. फांद्या वरखाली झाल्या आणि हळदूचा खोपा अलगद उलगडू लागला. एक वळसा सुटला, मग दुसरा, आणि खोपा विहिरीत गेला. तो रिकामा होता. त्याच्या पाठोपाठ दुसरा गेला, मग तिसरा. ते रिकामे नव्हते. नानांचा खोपा बराच वेळ एका वळशावर टिकून होता. ठकूबाई आतून बाहेर आली आणि चोचीने फांदी आणि पात एकत्र धरून ठेवू लागली. पण एका चोचीत ते मावत नव्हतं.

वारा पडला तेव्हा ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. रडत नव्हती. पाण्यावर गवत तरंगत होतं, आणि ती त्या गवताकडे बघत होती.

आवाज ऐकून जंगल गोळा झालं. मुलांनो, इथे करकोचे गुरुजी बोलले नसते तर बरं झालं असतं. पण ते बोलले.

“घाबरा,” ते म्हणाले. “हळहळा. मोठ्या कलेने हेच साधायचं असतं. भय वाटलं, करुणा वाटली, की मनातला गाळ निघून जातो.”

प्राणी घाबरले, हळहळले, ढसाढसा रडले. आणि काय सांगू, त्यांना खरोखरच मोकळं वाटलं. त्या संध्याकाळी सगळ्यांना जेवण चार घास जास्त गेलं. ठकूबाईला तेवढं मोकळं वाटलं नाही. गुरुजी ढासळलेल्या कठड्यावरून सावकाश विहिरीत उतरले आणि पाण्यात जे काही होतं ते त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. उपयोगी ते सुंदर, हे मत त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं.

हळदू नानांसमोर जाऊन बसला. नानाच आधी बोलले.

“मी तुला विचारलं होतं,” ते म्हणाले.

तेवढंच म्हणाले. हळदूला ते आयुष्यभर पुरलं.

तो बाभळीवरून निघाला आणि चिमाला शोधत हिंडला. ओढ्याकाठी एका वाकलेल्या बोरीवर ती एकटी बसलेली दिसली. हंगाम सरत आला होता आणि तिने अजून कुठेच घर केलं नव्हतं. हळदू तिच्यापासून जरा लांब बसला.

“मी गाठ मारली नव्हती,” तो म्हणाला.

“तू नको म्हणालास, तेव्हाच कळलं.”

“पण त्याच्या आधीच्या खोप्यांना गाठी होत्या. चांगल्या घट्ट होत्या. तरी तू गेलीस. का गेलीस, ते आज सांग. नाहीतर मी इथून हलणार नाही.”

आणि सुगरण पक्ष्यांच्या इतिहासात प्रथमच एका मादीने कारण सांगितलं.

“मी खोपा कुठे बघत होते?” चिमा म्हणाली. “मी फांदी बघत होते. ओढलं की फांदी किती वाकते ते कळतं. तुझी फांदी आतून वाळलेली होती. वाकतच नव्हती. एखाद्या दिवशी मोडली असती.”

हळदू जरा जवळ सरकला.

“मला वाटलं, आता तरी फांदी बदलेल, म्हणून पुन्हा पुन्हा आले,” ती म्हणाली. “पण तू दर वेळी खोपा मोडायचास आणि त्याच फांदीवर नवा विणायचास.”

“मग तेव्हाच सांगायचं होतंस.”

“तू विचारलंस, खोप्यात काय चुकलं. खोप्यात काही चुकलं नव्हतं.”

हळदूला हसावं की रडावं ते कळेना. ती फांदी त्याने मुद्दाम निवडली होती, कारण तिथे सकाळचं ऊन छान पडायचं आणि त्या उन्हात खोपा उठून दिसायचा.

चिमाने त्याला बोरीची एक फांदी दाखवली. काटेरी होती, ओढ्याच्या खोल पाण्यावर आली होती, आणि वाऱ्यात कमरेतून लवत होती. हळदूने तिथे विणायला घेतलं. दिवस थोडे होते आणि कोवळं गवत संपलं होतं, म्हणून राठ पाती घ्याव्या लागल्या. एक बाजू फुगली. दुसरी बसली. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ, असं करत त्याने टोपडं टांगलं. ते कशासारखंच दिसत नव्हतं. चिमा आली, पट्टीवर बसली आणि तिने जीव खाऊन ओढलं. फांदी लवली आणि परत वर आली. हळदूने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

अंडी झाली, पिलं झाली. हळदूला मात्र राहवेना. आपल्याला कळलेलं वस्तीला सांगितलं पाहिजे, असं त्याला वाटलं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच होईल. तो बाभळीवर गेला आणि भर सभेत उभा राहून म्हणाला, की माद्या खोपा बघतच नव्हत्या, त्या त्याच्या वरची फांदी बघत होत्या.

सभेत कुजबुज झाली. सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. आता गुरुजी काय करतील असं तुम्हाला वाटतं? शरमले? चुकलो म्हणाले? मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात.

“मी दुसरं काय सांगत होतो?” गुरुजी म्हणाले. “सौंदर्य खोप्यात नसतंच. ते त्याच्या वर असतं.”

सभेने कौतुकाने माना डोलावल्या. ह्यात काहीतरी चुकतं आहे हे हळदूला कळत होतं, पण नेमकं काय ते बोलून दाखवता येईना. घरी पिलं भुकेली होती. तो परत गेला.

पाऊस सरल्यावर गुरुजींनी बाभळीखाली सौंदर्यशाळा काढली. त्यांचा पंख एव्हाना बरा झाला होता, पण ते मायदेशी गेले नाहीत. तिकडे ते खांबावरचा एक करकोचा होते. इकडे गुरुजी होते. शाळा छान भरली. वस्तीतली यंदाची सगळी पिलं शाळेत आली. आता सगळी म्हणजे कोण, तर काटेरी फांद्यांवरच्या त्या हेकट जोडप्यांची, आणि हळदूची. दुसरी नव्हतीच.

एके संध्याकाळी हळदूचा थोरला मुलगा शाळेतून आला आणि खोप्याच्या नळीला लटकून वर बघत राहिला.

“बाबा, आपल्या खोप्याची एक बाजू फुगलेली आहे,” तो म्हणाला.

“आहे खरी.”

“आणि वर केवढ्या ह्या गाठी. गुरुजी म्हणतात, ज्यांना वरचा खोपा दिसत नाही ते गाठी मारतात. मला वर्गात सांगायची लाज वाटते, की मी ह्यात जन्मलो.”

हळदूला वाईट वाटलं. खूपच वाटलं. पण पोराचं वजन चांगलं वाढलं आहे हेही त्याने पाहिलं, कारण फांदी बरीच लवली होती. खोपा काही हलला नाही. चिमाने आतून डोकं काढलं आणि जेवायला हाक मारली. पोरगं तसंच लटकून, झोके घेत घेत, प्रमाणाविषयी बोलत राहिलं.

तात्पर्य: ज्याला सौंदर्यावर बोलायचं असेल, त्याने जन्म मात्र ओबडधोबड खोप्यात घ्यावा. सुंदर खोप्यात जन्मणारे बोलायला उरत नाहीत.